वामन, जिनच्या चौकात अजून अंधारच आहे

वामन, तुझ्या तेरवीच्या पंगतीतून मी दोन घास खाऊन उठलो, याचा तुझ्या घरच्यांना राग आलाय म्हणतात. येऊ दे. वडे चांगले होते, कढी चांगली होती. किती वर्षं तू दुसऱ्यांच्या तेरव्यांना गेलास, आणि जेवायला म्हणून कधी गेला नाहीस. दिवा मागायला गेलास. त्या दिवशी तुझ्या अंगणात सतरंजीवर बसलो होतो तर सारखं वाटत होतं, आता फाटकातून तूच येशील, चपला काढशील, टोपी मांडीवर ठेवशील आणि तुझ्याच मोठ्या पोराला म्हणशील, "झालं ते झालं बाप्पा. आता त्याहीच्या नावानं चौकात एक दिवा लावून टाकू." मी वळून फाटकाकडे बघितलं. पुन्हा बघितलं. शेजारी बसलेल्यानं विचारलं, काका, कोणाची वाट पाहून राह्यले? त्यानंतर घास उतरेना.

लोक तुझ्याबद्दल बोलतात ते ऐकून माझं डोकं फिरतं. परवाच्या शोकसभेत तुला गावाचा दीपस्तंभ म्हणाले. मेल्या माणसाला काय काय ऐकून घ्यावं लागतं. तू साधा माणूस होतास, हट्टी होतास, आणि तुझं माझं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. तेवढं पुरं करायला बसलो आहे. मधे बोलू नकोस.

हे सगळं तुझ्या आईपासून सुरू झालं. दुष्काळाचं ते वर्ष होतं. तू पहिल्यांदाच नगरपालिकेत निवडून गेला होतास आणि तुझ्या गळ्यात दिवाबत्ती समिती पडली होती. ती कोणालाच नको असायची, कारण बल्ब गेला की लोक सभापतीच्या दारात. आणि तुझीच आई मंदिरातून कीर्तन ऐकून येताना चौकातल्या उघड्या नालीत पडली. खुबा मोडला. खाटेला खिळली ती उठलीच नाही. ज्याच्याकडे गावाची दिवाबत्ती, त्याची आई अंधारात पडली, असं लोक तुझ्या तोंडावर म्हणाले. तू ते ऐकून घेतलंस. मला आठवतं, तू मान खाली घालून पानठेल्यावर उभा होतास आणि सुपारी कातरणाऱ्याच्या हाताकडे बघत होतास.

मंदिराच्या चौकात दिवा द्या म्हणून तू सभेत मागणी केलीस, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलो होतो, कारण बोलताना आपल्याला रडू येईल अशी तुला भीती होती. दार उघडंच होतं. प्रत्येक मेंबराला खांब आपापल्या गल्लीत पाहिजे होता. चौक चार वॉर्डांच्या मधे, म्हणजे त्याचा खर्च आपल्या वॉर्डाच्या नावावर कोणी घालून घ्यायचा? अध्यक्ष हसत म्हणाले, "वामनराव, गल्लीतल्या दिव्याखाली मतं राह्यतात. चौकात कोण राह्यते?" सगळे हसले. तू बाहेर आलास तेव्हा रडला नव्हतास. तुझा चेहरा मला आवडला नाही.

मग आईच्या तेरवीला तू पंगत निम्मी केलीस. गोडधोड नाही, फक्त वरण-भात, पोळी आणि भाजी. उरलेल्या पैशातून चौकात खांब, त्याच्यावर मोठा मर्क्युरीचा दिवा, आणि खाली पत्र्याची पाटी, आईच्या नावाची. भाऊबंद कुरकुरले, एक मामा जेवता जेवता उठून गेला. पण दिवा लागला त्या संध्याकाळी अख्खा चौक बाहेर आला होता. फुटाणेवालीनं टोपली दिव्याखाली आणून मांडली. म्हातारे चबुतऱ्यावर पत्ते घेऊन बसले. त्या वर्षीचा तान्हा पोळा पहिल्यांदा अंधार पडल्यावरही चालू राहिला, पोरं लाकडी बैल घेऊन घरी जायलाच तयार नव्हती. तू खांबाला हात लावून उभा होतास आणि तेव्हा मात्र ढसाढसा रडलास. मीही रडलो. वामन, ते काम चांगलं होतं. तू होतास तोवर मी हे कधी नीट म्हटलं नाही, तुला शिव्याच देत राहिलो, म्हणून आज सांगतो. फार चांगलं काम होतं ते.

एकाचं पाहून दुसऱ्यानं केलं. कापसाच्या अडत्याचे वडील गेले, त्यांचा दिवा बाजाराच्या चौकात लागला. डॉक्टरची बायको गेली, तिचा शाळेच्या चौकात. तुझी एक पद्धतच ठरून गेली. कोणाकडे मौत झाली की तू राख सावडायला जायचास, नंतर दोन-चार दिवस काही बोलायचा नाहीस, आणि तेरवीच्या आधी एका सकाळी जाऊन टोपी मांडीवर ठेवायचास. बहुतेक घरांत हो म्हणायचे. दुःखात माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, आणि तू त्यांना करायला काहीतरी द्यायचास, हे मला मान्य आहे. चौकामागून चौक उजळत गेले. लोक रस्ता सांगताना म्हणू लागले, गंगूबाईच्या दिव्यावरून डावीकडे वळा, मग नानाजीच्या दिव्यापर्यंत सरळ जा. मेलेली माणसं गावाचे पत्ते झाली.

आणि मग लोक तुला घाबरायला लागले. हे तुला ठाऊक होतं, पण तू हसण्यावारी न्यायचास. चौकात खांब कुठे बसवायचा ते बघायला तू कापडी टेप घेऊन जायचास. टेप दिसली की पानठेलेवाला विचारायचा, वामनराव, आता कोणाचा नंबर? गंमत म्हणून विचारायचा. पण शाळेच्या मागल्या तिठ्यावर तू माप घेतलंस तेव्हा तिथल्या म्हातारीनं दारातून बघितलं, घरात गेली, दम्यानं आजारी नवऱ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. थंडीचे दिवस होते, म्हातारा थकलेला होता, थोड्याच दिवसांत गेला. तू तेरवीच्या आधी तिच्याकडे गेलास तर तिनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "दिवा लावा नाई तर आग लावा, पण आता माह्या दारात येऊ नका." पोरानं मागाहून पैसे आणून दिले आणि तिथेही दिवा लागला. त्या दिव्याखाली मात्र कोणी पत्ते खेळायला बसलं नाही.

माझा न्यूमोनिया आठवतो ना? तू भेटायला आलास तर माझ्या बायकोनं तुला ओसरीवरच अडवलं. भाऊजी, आज नका भेटू, आत्ताच डोळा लागला त्यांचा. डोळा कसला लागतो, मी टक्क जागा होतो, सगळं ऐकत होतो. तू मुद्दाम आवाज चढवून म्हणालास, "मारोत्या, भेऊ नको बे, तुह्या चौकाचं माप अजून घेतलं नाई मी." मला इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ आली आणि बायको तुझ्यावर अशी भडकली की पुढे किती दिवस तुला आमच्याकडे चहा मिळाला नाही. हसता हसता माझ्या अंगावर काटा आला होता. ते मी तुला सांगितलं नव्हतं.

पण खरं बिघडलं ते नगरपालिकेत. आणीबाणी उठली, निवडणुका झाल्या, तू पुन्हा सभापती झालास. त्यानंतरच्या बजेटमधून सभेनं चौकांच्या दिव्यांची तरतूदच काढून टाकली. चौकांचे दिवे लोकवर्गणीतून होत असल्यामुळे गरज नाही, असं म्हणून. आणि तू ती बातमी मला अभिमानानं सांगायला आलास! पैसा वाचला, तो नाल्यांना लागेल म्हणालास. मी चहाचा कप असा आदळला की कान तुटला. मी म्हटलं, वामन, लोक दिवाबत्तीचा कर भरतात ना? जिवंतपणी भरतात ना? मग त्यांना उजेड कोणीतरी मेल्यावर का मिळायचा? तू शांतपणे म्हणालास, "तू न्यायाची वाट पाह्य. मी दिवे लावतो." आता यावर माणूस काय बोलणार? तू लावत होतास हे खरं होतं. आणि माझं म्हणणंही खरं होतं. त्या दिवसापासून आपण जेव्हा जेव्हा भेटलो, हेच भांडलो. लग्नाच्या मांडवात भांडलो, भाजीबाजारात भांडलो. तुझी बायको म्हणायची, दोघांना एकाच खोलीत कोंडा आणि दिवा मालवून टाका.

एवढं भांडण मी का केलं ते तुला माहीत होतं. जिनच्या चौकासाठी.

सरकी काढायच्या त्या बंद पडलेल्या जिनच्या लांब भिंतीपाशी वर्ध्याचा रस्ता बाजार समितीच्या रस्त्याला मिळतो आणि पलीकडून आमच्या वस्तीची वाट येते. एसटी तिथे थांबते. हंगामात संध्याकाळी कापसाच्या बैलबंड्या तिथूनच आत वळतात आणि गाठींचे ट्रक तिथूनच बाहेर पडतात. दिवसा ठीक आहे. पण दिवाळीनंतर दिवस लहान झाला की एसटी उतारू सोडून पुढे जाते आणि तिच्या मागे जो अंधार उरतो त्यात स्वतःचा हात दिसत नाही. माझी सुलभा त्या एसटीनं येते. तिला वर्ध्याच्या टेलिफोन ऑफिसात नोकरी लागली तेव्हा पहिले पेढे मी तुला दिले होते. एकुलती एक पोर, वामन. एसटीचा आवाज आला की मी घरात सगळं थांबवून बसायचो, फाटकाची कडी वाजेपर्यंत. तिची आई देवापाशी बसायची. आम्ही दोघंही एकमेकांना ते कळू द्यायचो नाही.

जिनच्या चौकासाठी मी अर्ज घेऊन गेलो तर दिवाबत्तीच्या बाबूनं तो वाचला आणि मला विचारलं, "तिकडं एवढ्यात कोणी वारलं का, काका?"

तिकडं पाऊस झाला का, असं विचारावं तशा आवाजात विचारलं. मी तिथे काय काय बोललो ते तुझ्या कानावर आलंच होतं, अर्ध्या ऑफिसानं ऐकलं. बाबू बिचारा खरोखर बावरला. त्याला कळेना की यात रागावण्यासारखं काय आहे. दाता असला तर लवकर होते, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तुझ्या हाताखाली काम सुरू केल्यापासून त्यानं दुसरी रीत पाहिलीच नव्हती. मी तिथून तडक तुझ्या घरी आलो. सगळं सांगितलं. तू म्हणालास, "बरोबरच विचारलं त्यानं. त्या बाजूले अजून कोणी गेलं नाई, हे नशीब मान."

मी उठलो आणि निघून आलो. कापसाचा हंगाम सुरू झाला तरी आपण एकमेकांशी बोललो नाही.

आणि त्याच हंगामात सुकमाबाई गेली. जिनच्या मागे गोंडांची दहा-बारा घरं आहेत, त्यातली. दिवसभर कापसाच्या गाड्या खाली करायची आणि जाताना चुलीसाठी डोक्यावर पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, भारा घेऊन जायची. अंधार पडता पडता चौक ओलांडत होती. गाठींचा ट्रक आला. ड्रायव्हर पळाला नाही, तिथेच बसून राहिला आणि म्हणत राहिला की मला बाई दिसलीच नाही, मला नुसत्या काड्या दिसल्या. त्यानंतर थोड्याच वेळात एसटी आली आणि सुलभा उतरली. घरी आली तेव्हा तिच्या पदराला रक्त लागलेलं होतं. तिनं मोरीत जाऊन लुगडं धुतलं, आंघोळ केली आणि न जेवता झोपली. मी रात्रभर भिंतीला टेकून बसलो होतो. माझी पोर नव्हती, दुसऱ्याची होती, म्हणून मला जे बरं वाटलं होतं त्याची मला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तू न बोलावता आलास. अबोला कोणी मोडला ते आपण कधी बोललो नाही. आपण दोघं तिच्या घरी गेलो. तिचा नवरा दारात उकिडवा बसला होता, आत त्याची म्हातारी आई. तू बसलास आणि सवयीनं टोपी काढून मांडीवर ठेवलीस. मी तुझ्याकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, नको, वामन, आज नको. पण तू ते म्हणालास. हळू आवाजात, चांगल्या मनानं म्हणालास, पण म्हणालास.

"मालक, माह्या घरात रोज चिमणी बी लागत नाई," तिचा नवरा म्हणाला. "चौकात दिवा मी कुठून लावू?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हातारीनं त्यांच्या भाषेत त्याला काहीतरी विचारलं, त्यानं सांगितलं, आणि मग ती तुझ्याकडे बघून बराच वेळ बोलत राहिली. तुलाही कळलं नाही, मलाही नाही. तिचा पोरगा तिला गप्प करत नव्हता. आपण उठलो. घरापर्यंत तू टोपी हातातच धरून चाललास.

त्यानंतर तू जे केलंस ते गावातल्या शोकसभेत कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. तू सुकमाबाईच्या दिव्यासाठी दारोदार फिरलास. अडत्याकडे गेलास. तो म्हणाला, देतो की, पण पाटी आमच्या आजीच्या नावाची लागेल. तू म्हणालास, मेली ती सुकमाबाई, पाटी तिचीच. तो हसला. "तिच्या नावानं मी काऊन लावू?" ट्रकच्या मालकानं तर भेटच दिली नाही. हात हलवत माझ्याकडे आलास, आणि मी, तुझा जिवाचा दोस्त, तुला पाणीसुद्धा न विचारता म्हणालो, "मरण लागते म्हणत होता ना तू? घे, झालं मरण. कुठं आहे दिवा? मरण नाई लागत, वामन. मेलेल्याचं घर पैशावालं लागते." तू खुर्चीच्या दांडीवरून बोट फिरवत राहिलास.

पुढच्या सभेत तू चौकांची तरतूद परत घाला म्हणून उभा राहिलास. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलास म्हणे. आणि सगळ्यांनी तुला तुझंच बोलणं ऐकवलं. वामनराव, ही रीत तुम्हीच पाडली. वामनराव, लोक श्रद्धेनं देतात, त्यात नगरपालिकेनं काऊन पडावं? तू बांधलेलं होतं ते, आणि आता ते तुझ्याच्यानं हलत नव्हतं. घरी आलास आणि आजारी पडलास. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हणतो, डॉक्टरला काय कळतं.

आता ते, जे राहून गेलं.

वर्ध्याच्या दवाखान्यात तुला भेटायला मी रोज यायचो. शेवटच्या संध्याकाळी तू वहिनींना औषधाच्या निमित्तानं खाली पाठवलंस. पोरं बाहेर होती. खोलीत आपण दोघंच. तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालास, "मारोत्या, माहा दिवा जिनच्या चौकात लावजो. सुलभा उतरते तिथं."

मला हो म्हणायचं होतं. एवढासा शब्द. पण हो म्हटलं असतं तर तू मरतो आहेस हे मी कबूल केलं असतं. आणि दुसरं असं, की हो म्हटलं असतं तर तुझी रीत बरोबर होती हेही कबूल केलं असतं. यातलं कोणतं जास्त जड होतं ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या पोरीसाठी तू आपलं मरण देऊ करत होतास आणि मी सलाईनच्या बाटलीकडे बघत बसलो. मग म्हणालो, संत्रं सोलून देऊ का? तू हसलास. दोन फोडी खाल्ल्यास. बाकीचं मी खाल्लं. पोरांना हे सांगितलंस का, हेसुद्धा विचारलं नाही. वाटलं, उद्या विचारू. सकाळी तुझा धाकटा फाटकात उभा होता.

तेरवीच्या आधी मी तुझ्या मोठ्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "बाबा असं म्हणाले?" त्यानं विचारलं. "मग तुम्ही काय म्हटलं, काका?"

खोटं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मी काही नाई म्हटलं." त्यानं भावाकडे बघितलं. वहिनी दाराआडून म्हणाल्या, मला तर ते काही बोलले नाहीत. कोणी मला वावगं बोललं नाही, वामन, पोरं तुझी चांगली आहेत. पण मला त्यांच्या मनातलं दिसलं. म्हातारा आपल्या पोरीच्या वाटेवर आमच्या बापाचा दिवा नेऊ पाहतोय. आणि त्यात खोटं तरी काय होतं? मला तो तिथेच हवा होता.

तुझा दिवा बसस्टँडच्या चौकात लागला, तुझ्या पोरांच्या दुकानासमोर. तिथे आधीच दोन होते. आता तीन आहेत. पत्रा नाही, संगमरवराची पाटी आहे. अध्यक्षांनी बटण दाबलं, भाषण केलं. उजेड इतका झाला की पुढच्या रांगेतले लोक डोळ्यांवर हात धरून बसले होते. मीही टाळ्या वाजवल्या. तुझं नाव वाचलं आणि मला इतकी तुझी आठवण आली की तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा त्या बाबूकडे गेलो. आता तो माझा मान ठेवतो. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, वामनराव गेले आणि कामच मंदावलं बघा, आता लोकांकडे जायला कोणी नाही. जिनच्या चौकाचं विचारलं तर म्हणाला, करू, करू, काहीतरी होईल. मग चहा पिता पिता, अगदी सहज, त्यानं माझं वय विचारलं. मी सांगितलं. तो मान हलवत खिडकीबाहेर बघत राहिला. यावेळी मी ओरडलो नाही.

आता रोज संध्याकाळी एसटीच्या वेळेला मी बॅटरी घेऊन जिनच्या चौकात जाऊन उभा राहतो. यंदाचा हंगाम सुरू झाला आहे. भिंतीपाशी उभं राहून बॅटरीचा उजेड रस्त्यापर्यंत पोचत नाही, म्हणून थोडं पुढे यावं लागतं. ट्रक आला की बॅटरी हलवतो. काही ड्रायव्हर वेग कमी करतात, काही शिव्या देतात. बंडीवाले आता ओळखतात, राम राम घालतात. सुकमाबाईचा नवरा एकदा येऊन माझ्याजवळ थोडा वेळ उभा राहिला, मग निघून गेला.

काल एक गाठींचा ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानं माझी टोपी उडाली. बॅटरी मी हलवत होतो, पण त्याला काही दिसलं नसावं, तो पुढे जाऊनसुद्धा थांबला नाही. तेवढ्यात सुलभा एसटीतून उतरली होती. तिनं पाहिलं. धावत आली. पिशवी रस्त्यात टाकून दिली होती तिनं.

"बाबा, असे मधात नका उभे राहू," ती म्हणाली. "त्याहीले तुम्ही दिसत नाई."

मी म्हणालो, "नाई दिसलो तर दिवा तरी लागन, बाई."

बोललो आणि मलाच ऐकू आलं की हा माझा आवाज नाही, तुझा आहे. सुलभानं माझ्या हातातून बॅटरी ओढून घेतली, माझा दंड घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. फाटकाशी आल्यावर म्हणाली की उद्यापासून तुम्ही यायचं नाही, शपथ घ्या. मी शपथ घेतली नाही.

आज दिवस लवकर मावळला आहे, वामन. एसटीची वेळ झाली.